गाणं नाही, हिशेब

सात वर्षांपूर्वी मी पश्चिम किनाऱ्यावरच्या मासेमारीविषयी लिहिलेल्या एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद केला. पुस्तक चांगले होते, अनुवादही बरा उतरला असे तेव्हा वाटले. प्रती हातात आल्यावर एक मैत्रिणीला दिली. ती रायगड जिल्ह्यातल्या एका कोळी कुटुंबातली. तिने ती प्रत गावी नेली आणि रात्री जेवणे झाल्यावर त्यातला एक भाग वडिलांना वाचून दाखवला. तो भाग भरती-ओहोटीचा होता. मूळ लेखकाने त्याला ‘टाइड लोअर’ असे नाव दिले होते आणि मी लिहिले होते : ‘भरती-ओहोटीविषयीचे लोकसाहित्य’.

भाग वाचून झाल्यावर वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “गाणं कुठं आलं त्यात?” मैत्रिणीने पुन्हा शीर्षक वाचले. ते म्हणाले, “तुझ्या मैत्रिणीला सांग, हे गाणं नाही. हा हिशेब आहे. चुकला तर होडी चिखलात बसते.”

हिशेब असा. त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. पंचमीला पावणेचारला. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती. त्यातली पाऊणकी कोकण किनाऱ्यावर रोज कामाला येत होती, हे मला त्या रात्रीच्या फोनपर्यंत ठाऊक नव्हते. म्हणजे मी ते अनुवादले होते, छापून आणले होते, पण ठाऊक नव्हते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते; पाऊण तास ही त्या पन्नास मिनिटांची तोंडी करता येण्याजोगी जवळची किंमत. या गोष्टीला मी ‘साहित्य’ म्हटले होते. का म्हटले, याचा शोध घेताना जे सापडले ते इथे मांडते आहे.

पहिले कारण सोपे. मराठीत ‘फोकलोअर’ला ‘लोकसाहित्य’ म्हणतात, तेव्हा ‘लोअर’ म्हणजे साहित्य, असे माझ्या हाताने न विचारता ठरवले. (देवनागरीत हा शब्द ‘खालचा’ या अर्थाच्या ‘लोअर’सारखाच दिसतो. हा योगायोगच, पण मला तो अधूनमधून टोचतो.) अनुवादकाचा हात डोक्यापेक्षा वेगाने चालतो आणि बहुतेक वेळा ते बरेच असते. इथे नव्हते.

‘फोकलोअर’ हा इंग्रजी शब्द कुणी आणि केव्हा घडवला, याची नोंद आहे, आणि शब्दांच्या बाबतीत असे भाग्य क्वचित लाभते. 22 ऑगस्ट 1846 च्या ‘अथेनियम’ या लंडनच्या साप्ताहिकात विल्यम जॉन थॉम्स यांनी ‘अँब्रोझ मर्टन’ या टोपणनावाने एक पत्र लिहिले. तोवर इंग्रजीत या विषयाला ‘पॉप्युलर अँटिक्विटीज’ किंवा ‘पॉप्युलर लिटरेचर’ म्हणत. थॉम्स यांना ही लॅटिन वळणाची नावे नको होती. जुन्या सॅक्सन वळणाचा एक जोडशब्द त्यांनी सुचवला. पण त्या पत्रात जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट म्हटली आहे, आणि आपल्या दृष्टीने मुद्दा तिथेच आहे. ते म्हणतात, की ही वस्तू लिटरेचर कमी आणि लोअर जास्त आहे. थोडक्यात, साहित्य या कल्पनेतून बाहेर पडण्यासाठीच हा शब्द निघाला. आणि आपण तो मराठीत आणताना त्याच्या जागी पुन्हा ‘साहित्य’ बसवले. दार उघडून बाहेर पडलेल्या माणसाला मागच्या दाराने त्याच खोलीत आणून ठेवावे, तसे हे झाले.

आणि ‘लोअर’ म्हणजे काय? जुन्या इंग्रजीत ‘लार’ : शिकवण, शिकवले गेलेले. जर्मन ‘लेऱ’ (शिकवण) आणि ‘लेऱर’ (शिक्षक) हे त्याचे सख्खे भाऊ, इंग्रजी ‘लर्न’ हा चुलतभाऊ. भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात तेव्हा या साऱ्यांचे मूळ ‘माग’, ‘पावलांचा ठसा’, ‘तास’ अशा अर्थाच्या एका धातूत सापडते. तास म्हणजे नांगराचे तास, घड्याळातला नव्हे. त्याच धातूतून लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे तास झाले, आणि तास सोडून भरकटणे म्हणजे ‘डिलिरियम’. जर्मनीत रेल्वेच्या फलाटावर ‘ग्लाइस 4’ अशी पाटी असते. त्यातला ग्लाइस म्हणजे रुळांची वाट, तोही याच घरातला. आणि चांभार ज्या लाकडी पायावर जोडा चढवतो, ज्याला आपण कलबूत म्हणतो, त्या कलबुताचा इंग्रजी शब्द ‘लास्ट’ हाही मुळात पावलाचा ठसाच. म्हणजे ज्या ज्ञानाविषयी आपण बोलतो आहोत, त्याच्या इंग्रजी नावात मुळात ना कान आहे, ना जीभ, ना कागद. पाय आहे. आधी कुणीतरी चालून गेले, त्याचा माग राहिला, आपण त्यावरून चाललो आणि जाणते झालो.

व्युत्पत्ती हा पुरावा नसतो, हे मला माहीत आहे. तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.ला असताना आमच्या एका प्राध्यापकांनी व्युत्पत्तीच्या आधारावर लिहिलेला माझा एक निबंध लाल शाईत परत केला होता. शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या आजोबांना विचारून ठरत नाही. पण अनुवाद करताना शब्दाच्या आजोबांना भेटून आले की निदान एक कळते : हा शब्द कुठल्या कामावर होता. ‘लोअर’ शिकवण्या-शिकण्याच्या कामावर होता. ‘साहित्य’ त्या कामावर कधीच नव्हते.

इथे मराठीवर अन्याय होऊ नये म्हणून शेजारीपाजारी डोकावते. रवींद्रनाथांचे ‘लोकसाहित्य’ 1907 चे, गुजरातीत झवेरचंद मेघाणींनी आयुष्यभर हाच शब्द चालवला; तेव्हा ही चूक, चूक असेलच तर, एकट्या मराठीची नाही. हिंदीत वासुदेवशरण अग्रवाल यांनी ‘लोकवार्ता’ सुचवला. वैष्णवांच्या वार्ताग्रंथांची आठवण त्यात आहे, पण आजच्या कानाला तो बातमीपत्रासारखा लागतो. सुनीतिकुमार चट्टोपाध्याय यांनी हीनयान-महायानाच्या धर्तीवर ‘लोकयान’ केला. ‘यान’ म्हणजे जाणे; ज्या पायाविषयी मी बोलते आहे, तो या शब्दात होता. शब्द चालला मात्र नाही. तमिळमध्ये ‘नाट्टुप्पुरवियल’ आहे : मुलखाकडच्या गोष्टींचे शास्त्र. तो अभ्यासशाखेचे नाव म्हणून नेमका आहे, अभ्यासल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव म्हणून तितका नाही.

मी बंगळुरात राहते आणि कन्नडमधूनही अनुवाद करते, म्हणून कन्नडच्या ‘जानपद’ शब्दाविषयी मला थोडा अधिक जिव्हाळा आहे. जन अधिक पद : लोकांनी जिथे पाय रोवला ती भूमी म्हणजे जनपद, आणि त्या भूमीचे जे ते जानपद. इथे पाय पुन्हा आलाच, आणि तोही कुणी इंग्रजीकडे न पाहता. या शब्दाची दुसरी खुबी अशी, की त्यात साहित्य की ज्ञान की कला, हे ठरवून टाकलेले नाही. रामनगरजवळच्या ‘जानपद लोक’ या संग्रहालयात नांगर, मापे, भांडी, बाहुल्या आणि वाद्ये एकाच छपराखाली आहेत, आणि त्या नावाखाली ती सगळी बसतात. मराठीत ‘लोकसाहित्य संग्रहालय’ म्हटले तर आत पुस्तके असतील असेच वाटेल.

पण मला सर्वांत हेवा वाटतो तो मल्याळमचा. ‘नाट्टरिवु’ : नाडु म्हणजे मुलूख, अरिवु म्हणजे जाण, ज्ञान. मुलखाची जाण. भरतीचा हिशेब त्यात मावतो, काढ्याची कृती मावते, विहिरीची जागा ठरवणे मावते. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे हा शब्द आहे, त्या केरळच्या अकादमीचे नाव मात्र ‘केरळ फोकलोर अकादमी’. घरात सोने असून बाहेर जाताना खोटे दागिने घालण्याची सवय एकट्या मराठी माणसाची नाही.

आता मराठीकडे परत येते. दुर्गा भागवतांचे ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ 1956 चे. दोन वर्षांनी त्यांचे इंग्रजी पुस्तक आले, त्याच्या नावात ‘इंडियन फोकलोअर’ होते. एकाच लेखिकेच्या दोन मुखपृष्ठांवर हे समीकरण पक्के झालेले दिसते. दुर्गाबाईंच्या नजरेत लोकसाहित्य म्हणजे नुसती गाणी आणि कथा कधीच नव्हती. ज्या बाईंना एखादे फूल, एखादा पदार्थ आणि एखादा विधी सारख्याच कुतूहलाने पाहता येत होता, त्यांना शब्दाच्या भिंती अडवत नव्हत्या. पण शब्द मोठ्या माणसाच्या हातून सुटून छोट्या माणसांच्या हाती जातो, तेव्हा त्याच्या भिंती खऱ्या होतात. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून सरोजिनी बाबर यांच्या समितीच्या खंडांपर्यंत आणि पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या लाखभर जात्यावरच्या ओव्यांपर्यंत मराठीने जे गोळा केले, ते थोर आहे. माझी तक्रार त्या गोळा करण्याविषयी नाही. तक्रार अशी, की ओवी गाणाऱ्या बाईकडे आम्ही वही घेऊन गेलो, पण ती बाई बियाणे राखेत का ठेवते, याची वही कुणी केली असेल तर ती शेतकी खात्याने किंवा कुणी एकट्यादुकट्या हौशी माणसाने. ते ‘साहित्य’ नव्हते ना.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. मैत्रिणीच्या वडिलांना शीर्षक खटकले ते गाण्यामुळे, पण तिच्या आईला ते खटकलेच नाही. तिला वाटले साहित्य म्हणजे जाळी, दोर, बुलीचे सामान. आणि ती चूक होती असे कोण म्हणेल? मराठीत स्वयंपाकाचे साहित्य असते, पूजेचे साहित्य असते, बांधकामाचे साहित्य तर नाक्यानाक्यावर मिळते. काम तडीला नेण्यासाठी जे एकत्र आणून ठेवायचे ते साहित्य. या अर्थाने ‘लोकसाहित्य’ म्हटले असते, तर तो शब्द उत्तम होता : लोकांनी जगण्यासाठी जवळ जमवलेला जामानिमा, त्यात ओवीही आणि पाऊणकीही. पण विद्यापीठात मराठी विभागाच्या पाटीखाली गेल्यावर त्या शब्दाला तो अर्थ घेऊन आत जाता आले नाही. चपला बाहेर काढाव्यात तसा तो दाराशीच राहिला.

यात बिघडले काय, असे कुणी विचारेल. नावच ते, वस्तू तर तीच आहे. मला वाटते, बिघडले ते असे. साहित्याला खरे-खोटे विचारत नाहीत. ओवीतला चंद्र चुकीच्या तिथीला उगवला, तर आपण हसून सोडून देतो, सोडून द्यावेच. हिशेबातला चंद्र चुकून चालत नाही. एखाद्या गोष्टीला साहित्य म्हटले, की ती चुकीची असू शकते ही शक्यता आपण काढून घेतो, आणि त्याबरोबर ती बरोबर असू शकते ही शक्यताही जाते. उरते ते कौतुक. कौतुकाने कुणाचे पोट भरत नाही आणि कुणाची चूकही सुधारत नाही.

हे मी स्वतः केले आहे, म्हणून ठामपणे लिहिते. बंगालीत खनाची वचने आहेत, असमियात डाकची, हिंदी पट्ट्यात घाघ आणि भड्डरी, मराठीत सहदेव-भाडळी. पाऊस, पेरणी, बी-बियाणे, गुरे, घराची दिशा याविषयी छोट्या, लयबद्ध, लक्षात राहतील अशा ओळी. विद्यार्थिदशेत मी खनावर एक प्रबंधिका लिहिली. आख्यायिका अशी, की खना ही वराहमिहिराची सून. तिची भाकिते सासऱ्यापेक्षा सरस ठरू लागली, म्हणून तिची जीभ कापली गेली. मी त्या जिभेवर वीसेक पाने लिहिली : मौन, पितृसत्ता, वाणी, सगळे होते. ती जीभ काय सांगत होती, केळ कधी लावावी आणि कुठल्या महिन्यातल्या पावसाने काय होते, ते खरे की खोटे, कुठल्या जमिनीत खरे, यावर एक ओळही नव्हती. मला उत्तम गुण मिळाले.

या वचनांपुढे ‘साहित्य’ शब्दाची बाजूही मान्य करायला हवी. ती पद्यात आहेत. लय हा त्यांचा अलंकार नाही, ते साठवणीचे भांडे आहे. तरी ज्याला लय आहे त्याला साहित्य म्हणण्यात गैर ते काय? काही नाही. फक्त एवढेच, की भांड्याला जे नाव दिले ते आतल्या धान्याला लावू नये.

मग दुसरे शब्द? मराठीत या ज्ञानाच्या माणसांना असलेली नावे पाहिली, की वेगळाच प्रकार दिसतो. वैद्य आणि वैदू एकाच घरातून निघाले. एक पाटी लावून बसला, दुसरा झोळी घेऊन गावोगाव फिरला, आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरात सगळी प्रतिष्ठा बदलली. हिंदीतला झाडफूक करणारा ओझा हा मूळचा उपाध्याय. आपल्याकडे खेड्यात ‘जाणता’ म्हटले तर कधी शहाणा, कधी करणी-भानामतीतला. इंग्रजीने तरी काय वेगळे केले? ‘वाइज’ माणसाचा त्यांनी ‘विझर्ड’ केला. आणि बायकांच्या वाट्याला आला तो ‘आजीबाईचा बटवा’ : प्रेमळ शब्द, पण बटवा तो बटवाच, कनवटीला बसेल एवढा.

‘विद्या’ शब्द मात्र एके काळी या बाबतीत बराच उदार होता. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांपुढे आपण काय काय शिकलो याची यादी वाचतो. वेद आहेत, गणित आहे, आणि त्याच दमात भूतविद्या, नक्षत्रविद्या, सर्पविद्याही. सापांविषयी जे कळते तीही विद्या. ‘लोअर’ला याहून चांगला शब्द मिळणार नाही. आज सारनाथच्या विद्या आश्रमाची मंडळी ‘लोकविद्या’ हा शब्द याच आग्रहाने वापरतात : शेतकरी, कारागीर, बायका यांच्याकडे जे आहे ती विद्याच, विद्यापीठातल्या विद्येच्या मांडीला मांडी लावून बसणारी. त्यांचा आग्रह मला पटतो. पण शब्द वाक्यात घालायला गेले की अडचण येते. ‘जाळे विणण्याची लोकविद्या’ असे कुणी बोलत नाही. झेंडा म्हणून शब्द उंच आहे. तो खाली उतरवून रोजच्या कामाला लावता येत नाही.

सरकारी कागदांत आता ‘पारंपरिक ज्ञान’ हा शब्द रुळला आहे, तो ‘ट्रॅडिशनल नॉलेज’चा. ‘ट्रॅडिशन’ म्हणजे लॅटिनमध्ये हाती सोपवणे. याच धातूतून ‘ट्रेटर’, म्हणजे शत्रूच्या हाती सोपवणारा फितूरही झाला. त्याला शब्दशः जुळणारा संस्कृत शब्द ‘परंपरा’ नाही, ‘संप्रदाय’ आहे : नीट पुढे देणे. पण ‘सांप्रदायिक ज्ञान’ असे लिहून पाहा. हिंदी वाचक तर दंगलच डोळ्यांपुढे आणेल. काही शब्द खरे असूनही वापरता येत नाहीत.

‘पारंपरिक ज्ञान’ हा शब्द फार कामाचा ठरला तो पेटंटांच्या लढाईत, आणि त्या लढाईने माझ्या युक्तिवादाला एक चांगला धक्काही दिला. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. हळद जखमेवर लावतात हे इथल्या कुठल्याही घरात ठाऊक होते. पण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात दुसऱ्या देशातल्या लोकांना एखादी गोष्ट ठाऊक आहे आणि ते ती वापरतात, एवढे पुरत नसे. छापील मजकूर लागे. जुना संस्कृत ग्रंथ चाले, 1953 च्या वैद्यकीय नियतकालिकातला लेख चाले, आजी चालत नसे. म्हणजे तिथे आपल्याला वाचवले ते ‘साहित्या’नेच. 2001 पासून उभा राहिलेला पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश हा त्यातूनच निघालेला उपाय. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली योगसूत्रे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत उतरवून परदेशी पेटंट कार्यालयांपुढे ठेवायची. एक अनुवादक म्हणून त्या कामापुढे मी नम्र आहे. पण जे ग्रंथात नाही, ते त्या कोशाच्या वाटेवर कुठे भेटणार? पुढे 2023 मध्ये जैवविविधता कायद्यात दुरुस्ती झाली, तिने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभ वाटून देण्याच्या बंधनातून सूट दिली. वैद्याच्या पोथीतले एकीकडे, वैदूच्या झोळीतले दुसरीकडे. शेवटच्या अक्षराचा तो जुना भेद आता कलमात जाऊन बसला आहे. नावाने काय बिघडते, या प्रश्नाचे एक उत्तर हेही.

गेल्या वर्षी त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची ठरली, तेव्हा मी प्रकाशकाकडून दुरुस्तीसाठी दोन महिने मागून घेतले. मूळ पुस्तकात ‘लोअर’ तेवीस वेळा आला होता आणि त्यातल्या एकोणीस ठिकाणी मी ‘लोकसाहित्य’ लिहिले होते. एकच नवा शब्द शोधायचा आणि संगणकाला बदलायला सांगायचा, असा आधी बेत होता. तो शब्द काही सापडेना. सापडेना याचे कारण हळूहळू लक्षात आले : मराठीला या वस्तूचे घाऊक नाव कधी लागलेच नव्हते. किरकोळ नावे मात्र भरपूर होती आणि ती नेमकी होती. वाऱ्या-पावसाविषयी जे सांगतात ते आडाखे. भरतीविषयी, वडिलांनी सांगितलेच होते, हिशेब. कुठल्या पाण्यात कुठला मासा, याचे ठोकताळे. जाळ्याची गाठ मारण्यात असते ती हातोटी. कुणी कुठे जाळे टाकायचे याची वहिवाट. हा शब्दही वाटेवरचाच, पण तो तलाठ्याने उचलून नेला आहे म्हणून जपून वापरला. बुडालेल्या गलबताचा दिवा अमावास्येला दिसतो, ती वदंता. आणि लग्नातली गाणी, ती अर्थात लोकगीते. तिथे ‘लोकसाहित्य’ही राहू दिले, तिथे ते शोभते.

संपादकांनी हरकत घेतली. मुळातल्या एका शब्दाला सहा-सात शब्द कसे चालतील, परिभाषेची एकवाक्यता राहत नाही, शिवाय सूचीत काय लिहायचे? हरकत रास्त होती. जो वाचक ‘फोकलोअर’ शोधत पुस्तक उघडेल, त्याला सूचीत एक दार तरी हवे. सूचीत आम्ही ‘लोकसाहित्य’ ठेवले आणि त्यापुढे ‘आडाखे, ठोकताळे, वदंता, वहिवाट, हातोटी, हिशेब हेही पाहा’ असे छापले. समाधान कुणाचेच झाले नाही, माझेही नाही. सगळ्यांना मिळून एक नाव असणे हीही एक ताकद असते. एकेकट्या आडाख्याला कायद्यापुढे उभे राहता येत नाही. कन्नड-मल्याळमच्या वाचकांनी आपला अनुभव सांगितला तर मला हवा आहे.

भरतीच्या भागाला मी या वेळी ‘भरतीचा हिशेब’ असे शीर्षक दिले. मूळ लेखकाने ‘लूनर डे’ला तीन चतुर्थांशाने गुणा, एवढेच म्हटले होते. ते स्पष्ट व्हावे म्हणून मी स्वतःच्या हुशारीने एक तळटीप जोडली, की चांद्रमासाचे दिवस एक ते तीस धरावेत. नवी प्रत मैत्रिणीने पुन्हा वडिलांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. शीर्षकाबद्दल ते काही बोलले नव्हते. तळटीप तेवढी चुकीची होती. पुनवेनंतर सोळा, सतरा असे पुढे मोजायचे नाही. वद्य प्रतिपदेला पुन्हा एकपासून सुरुवात करायची. रोज पाऊण तास धरल्याने जी थोडी थोडी तूट पडत जाते, ती पंधरा दिवसांत पाऊण तासाची होते आणि पुनवेला आणि अवसेला मोजणी नव्याने सुरू केली की ती भरून निघते. मी कागदावर करून पाहिले. माझ्या टीपेप्रमाणे वद्य अष्टमीला भरती सव्वापाचला येत होती.

“सहाला येते,” मैत्रीण म्हणाली. “बाबा म्हणाले, पुढच्या खेपेला छापायच्या आधी विचार.”